एका न लिहिलेल्या शब्दासाठी हेगला

शनिवार, ४ ऑक्टोबर २०२५ : जिनिव्हा ते हेग

दसऱ्याला आमच्या घरात अजूनही हत्यारांची पूजा होते. वडील गिरणीत साचेवाले होते, म्हणजे कापड विणणारे माग चालवायचे. त्यांच्या खात्यात त्या दिवशी साच्यांना झेंडूच्या माळा पडायच्या आणि आम्हा पोरांना वर्षातून एकदा गिरणीत आत जायला मिळायचं. माझं हत्यार कागद. परवा गुरुवारी जिनिव्हातल्या स्वयंपाकघरातल्या देवाच्या फळीवर मी एक पातळ पुस्तिका ठेवली, तिला हळदकुंकू वाहिलं आणि आज तीच पिशवीत घालून निघाले. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेचा १९४८ सालचा ८७ क्रमांकाचा करार, संघटना स्वातंत्र्याचा. एकूण २१ कलमं. त्या २१ कलमांत ‘संप’ हा शब्द एकदाही येत नाही. आणि सोमवारपासून तीन दिवस हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात सुनावणी आहे ती याच शब्दावर.

गाडी सुटली तेव्हा पुरतं उजाडलं नव्हतं. तीन तासांत पॅरिस, तिथे स्टेशन बदलून रॉटरडॅम, मग हेग. विमानाने दीड तासाचं काम, पण माझ्याकडे वाचायला दोन फायली होत्या आणि विचार करायला एक आख्खा दिवस हवा होता.

मी या संघटनेत वरिष्ठ वकील आहे. गावी लग्नकार्यात कुणी ना कुणी विचारतंच, ‘ताई, तुम्ही केस कोणाकडून लढवता? कामगारांकडून ना?’ उत्तर द्यायला वेळ लागतो. १८७ देश सभासद असलेली ही संघटना १९१९ साली जन्मली तीच तीन पायांवर. प्रत्येक देशाकडून परिषदेला चार प्रतिनिधी येतात : सरकारचे दोन, मालकांचा एक, कामगारांचा एक. तिघांचं मत वेगवेगळं पडू शकतं, आणि पडतंच. जिनिव्हाच्या सरोवराकाठी संघटनेची जुनी इमारत आहे (आज तिथे जागतिक व्यापार संघटना बसते). तिच्या समारंभाच्या दरवाजाला तीन कुलपं आहेत, तीन किल्ल्यांची. माझं अशील म्हणजे ते दार. तिन्ही किल्ल्या एकदम फिरल्या तरच ते उघडतं, आणि ते उघडत राहावं याची काळजी करायला पगारावर ठेवलेली माणसं आम्ही.

किल्ल्या फिरायच्या थांबल्या २०१२ साली. दरवर्षी जूनच्या परिषदेत एक समिती निवडक देशांना समोर बोलावून विचारते, सही केलेला करार पाळता का? त्या वर्षी ती यादीच ठरली नाही. मालकांच्या गटाचं म्हणणं असं की, संघटनेचे तज्ज्ञ गेली कित्येक दशकं ८७व्या करारातून संपाचा हक्क काढून दाखवतात, पण करारात तो लिहिलेला नाही. कामगारांच्या गटाचं म्हणणं, संपाशिवाय संघटना म्हणजे दात नसलेलं तोंड. मी तेव्हा सभागृहाच्या मागच्या रांगेत बसले होते. समितीच्या इतिहासात पहिल्यांदाच एकाही देशाची सुनावणी न होता परिषद उठली. तिथून पुढे अकरा वर्षं बैठका, संयुक्त निवेदनं, पुन्हा बैठका. शेवटी १० नोव्हेंबर २०२३ला नियामक मंडळाच्या खास बैठकीत ठरलं की प्रश्न न्यायालयाकडे न्यायचा. घटनेच्या ३७व्या कलमात ती वाट पहिल्यापासून होती. पण एखाद्या कराराचा अर्थ विचारायला संघटना तिच्यावरून याआधी एकदाच चालली होती, १९३२ साली.

पॅरिसला दुसरी गाडी यायला अडीच तास होते. उपनगरी गाडीने शातले स्टेशनला उतरले आणि पाचेक मिनिटं चालत नगरपालिकेच्या इमारतीसमोरच्या चौकात गेले. या चौकाचं जुनं नाव ‘प्लास द ग्रेव’. ग्रेव म्हणजे नदीकाठची वाळू, खडी. काम नसलेले मजूर पूर्वी इथे जमायचे, मुकादम इथूनच माणसं उचलायचा. कामाविना ग्रेववर उभं राहणं म्हणता म्हणता फ्रेंच भाषेत संपालाच ‘ग्रेव’ म्हणू लागले. माझ्या फायलीतल्या फ्रेंच मजकुरात हा शब्द शेकडो वेळा आहे. तो जिथे जन्मला त्या फरशीवर दहा मिनिटं उभी राहिले. वारा जोराचा होता, पाऊस आडवा येत होता. लालबागच्या नाक्यावर सकाळी उभे राहणारे बदली कामगार आठवले. गेटवर नाव पुकारलं तर पाळी मिळायची, नाही तर डबा तसाच घरी परत.

रात्री आठच्या सुमाराला हेगला पोचले. बरोबरची तरुण फ्रेंच वकील आधीच आली होती. तिने टेबलावर इंग्रजी आणि फ्रेंच मजकूर शेजारी शेजारी मांडून ठेवले होते.

रविवार, ५ ऑक्टोबर : हेग

सकाळ मजकूर ताडण्यात गेली. आमचे करार इंग्रजी आणि फ्रेंच अशा दोन्ही भाषांत सारखेच अधिकृत असतात. एक मूळ आणि दुसरा अनुवाद असं नसतं. तेव्हा एका भाषेत अर्थ थोडा सैल झाला की दुसरी भाषा त्याला ओढून धरते. तिसऱ्या कलमात म्हटलंय, कामगारांच्या आणि मालकांच्या संघटनांना आपला कारभार, आपल्या ‘ॲक्टिव्हिटीज’ आणि आपले कार्यक्रम ठरवण्याचा हक्क आहे. फ्रेंचमध्ये तिथेच एकवचनात ‘जेस्त्यों’ आणि ‘आक्तिव्हिते’. दहाव्या कलमात संघटनेची व्याख्या : सभासदांचं हित वाढवणारी आणि राखणारी. साऱ्या वादाचं ओझं या दोन वाक्यांवर आहे. संप हा त्या ‘ॲक्टिव्हिटीज’मध्ये बसतो का?

वर्षानुवर्षं हे काम करून माझी एक खात्री झाली आहे. आंतरराष्ट्रीय संस्थेतल्या वकिलाचं खरं कसब उत्तर देण्यात नसतं. प्रश्न असा मांडायचा की तिन्ही बाजूंना तो आपला वाटला पाहिजे, त्यात कुणाकडेही कल दिसता कामा नये. न्यायालयाला पाठवलेला आमचा प्रश्न अवघ्या एका वाक्याचा आहे : कामगारांचा आणि त्यांच्या संघटनांचा संपाचा हक्क ८७व्या करारानुसार संरक्षित आहे का? या वाक्यातला शब्द न् शब्द तासन्‌तास चर्चिला गेला आहे. त्यासोबत द्यायच्या कागदपत्रांचा गठ्ठा तयार करताना तर जास्तच जपावं लागलं. एका बाजूला सोयीचा कागद घातला की दुसऱ्या बाजूचा त्याच्या शेजारी आहे ना, हे आम्ही पुन्हा पुन्हा पाहत होतो. १९४८च्या परिषदेपुढच्या अहवालात एक वाक्य आहे, की प्रस्तावित करार संघटना स्वातंत्र्यापुरता आहे, संपाच्या हक्काविषयी नाही. मालकांच्या बाजूचा हा मोठा आधार. संघटना स्वातंत्र्य समितीने १९५२ सालीच संपाचा हक्क हा कामगार संघटनांच्या हक्कांचा आवश्यक भाग मानला. कामगारांच्या बाजूचा हा तितकाच मोठा आधार. दोन्ही कागद गठ्ठ्यात आहेत. पहिला कागद ठेवताना माझा हात थांबला होता का? थांबला नव्हता, आणि याचा मला अभिमान आहे.

दुपारी स्खेवेनिंगेनच्या किनाऱ्यावर गेले. राखाडी समुद्र, वाऱ्याने डोळ्यांत जाणारी वाळू, गाड्यांवर कच्च्या हेरिंग माशाचा वास. फार वेळ थांबवलं नाही.

परतताना त्या तरुण सहकारिणीला ना. म. जोशींची गोष्ट सांगितली. मी वाढले ती जागा मुंबईत ना. म. जोशी मार्गावर, बीडीडी चाळीत. १६० चौरस फुटांची खोली, जुनी माणसं अजूनही रस्त्याला डिलाईल रोडच म्हणतात. बसवरच्या पाटीवर, रेशनकार्डावर, शाळेच्या दाखल्यावर ते नाव मी हजार वेळा वाचलं, पण हे जोशी कोण हे कुणी सांगितलं नव्हतं. जिनिव्हाला रुजू झाल्यावर पहिल्याच वर्षी १९१९च्या वॉशिंग्टन परिषदेची इतिवृत्तं चाळत होते आणि हिंदुस्थानच्या कामगारांचा प्रतिनिधी म्हणून नाव दिसलं : एन. एम. जोशी. ग्रंथालयात एकटीच होते. पान तसंच उघडं ठेवून बराच वेळ बसून राहिले. रायगड जिल्ह्यातल्या गोरेगावचा हा माणूस, मुंबईत सोशल सर्व्हिस लीग काढणारा, संघटनेच्या अगदी पहिल्या परिषदेत होता. त्याच परिषदेने पहिला करार केला तो कामाच्या तासांचा : दिवसाला ८, आठवड्याला ४८. पण ब्रिटिश हिंदुस्थानासाठी वेगळं कलम घातलं, आठवड्याला ६० तास. ४८ तास आपल्याकडे कायद्यात आले १९४६ साली, मजूर खातं डॉ. बाबासाहेब आंबेडकरांकडे असतानाच्या प्रयत्नांतून.

जोशींना सरकारने नेमलं होतं, कारण तेव्हा देशव्यापी मध्यवर्ती कामगार संघटनाच नव्हती. पुढच्या वर्षी मुंबईत आयटक स्थापन झाली. जिनिव्हाला प्रतिनिधी कुणी पाठवायचा हा प्रश्न त्यामागच्या कारणांपैकी एक होता. म्हणजे परदेशातल्या एका खुर्चीने इथली संघटना उभी करायला हातभार लावला. आमचं काम कागदी आहे असं कुणी म्हटलं की मी हे उदाहरण देते.

सोमवार, ६ ऑक्टोबर : पीस पॅलेस

हॉटेलातून चालतच निघालो. बिनेनहोफच्या जुन्या संसद इमारतींना दुरुस्तीच्या परांच्या लागल्या आहेत, तळ्यात त्यांचं प्रतिबिंब हलत होतं. पुढे राजवाड्याच्या रस्त्याने अर्ध्या तासात पीस पॅलेस. कुलभूषण जाधव खटल्याच्या वेळी मराठी घराघरांत टीव्हीवर दिसलेली ती लाल विटांची, घड्याळाच्या मनोऱ्याची इमारत हीच. अमेरिकन पोलादसम्राट कार्नेगी यांनी तिच्यासाठी १५ लाख डॉलर दिले, आणि २८ ऑगस्ट १९१३ला ती उघडली. वर्षभरात पहिलं महायुद्ध सुरू झालं. फाटकाजवळ शांतिज्योत तेवते, तिच्याभोवती देशोदेशींचे दगड मांडले आहेत.

आतली प्रत्येक वस्तू कुठल्या ना कुठल्या देशाने दिलेली. रशियाचं जास्पर दगडाचं प्रचंड पात्र, जपानचे रेशमी पडदे, स्वित्झर्लंडचं मनोऱ्यातलं घड्याळ, ब्रिटनच्या रंगीत काचा. न्यायदालनात त्या काचांतून येणारा उजेड दुपारकडे सरकत सरकत बाकांवर येतो. मी दोन खटल्यांसाठी आधी येऊन गेले आहे, तरी दालनात शिरताना पाऊल आपोआप हलकं पडतं. कारण आमच्या संघटनेचं या वास्तूशी नातं न्यायालयाच्या जन्मापासूनचं. आजच्या न्यायालयाआधी इथेच असलेल्या जुन्या स्थायी न्यायालयाने पहिलंवहिलं सल्लागार मत दिलं ते ३१ जुलै १९२२ला, आमच्याच प्रश्नावर. नेदरलँड्स सरकारने सर्वांत मोठ्या कामगार महासंघाला डावलून, तीन लहान महासंघांच्या संमतीने परिषदेला कामगार प्रतिनिधी पाठवला, ते योग्य होतं का? न्यायालय म्हणालं, योग्य होतं. म्हणजे आंतरराष्ट्रीय न्यायाच्या या दालनात पहिला सल्ला मागितला गेला तो राजाच्या सीमेवर किंवा सैन्यावर नव्हे. कामगारांच्या वतीने बोलायचं कुणी, यावर मागितला गेला.

आणि १९३२ साली विचारलेला प्रश्न माझ्या विशेष जवळचा. १९१९च्या करारान्वये बायकांना कारखान्यात रात्रपाळीला मनाई होती. देखरेखीच्या, व्यवस्थापनाच्या जागेवरच्या बाईलाही ती मनाई लागू का? प्रत्यक्ष हाताने काम न करणाऱ्या बायकाही कारखान्यात नोकरी करू लागल्या होत्या, त्यातून वाद उभा राहिला. न्यायालयाने सहा विरुद्ध पाच मतांनी सांगितलं, हो, लागू. कारण करारात ‘स्त्रिया’ असा साधा शब्द होता आणि साध्या शब्दाचा साधा अर्थ घ्यायचा. एका मताने. ते निकालपत्र मी नव्या वकिलांना आवर्जून वाचायला देते. मसुदा करताना एक साधा शब्द किती बायकांची किती वर्षांची उमेद ठरवू शकतो, हे त्याच्याइतकं स्वच्छ कुठे दिसत नाही.

दहा वाजता शिपायाने फ्रेंचमध्ये ‘ला कूर’ असं पुकारलं. सगळे उभे राहिले. काळे झगे, गळ्याशी पांढरी झालर. न्यायमूर्ती दलवीर भंडारी ज्या न्यायालयावर आहेत, तिथे बी. एन. राव, नगेंद्र सिंह, आर. एस. पाठक बसून गेले आहेत. अध्यक्षस्थानी जपानचे इवासावा युजी.

सुरुवात आमच्या संघटनेच्या निवेदनाने झाली. मी मागे बसून मजकुरावर बोट फिरवत होते. आमच्या निवेदनात बाजू नसते. इतिहास, कार्यपद्धती, कुठली समिती कधी स्थापन झाली, वाद कसा वाढत गेला, एवढंच. ऐकणाऱ्याला ते सपक वाटू शकतं. मला त्यातलं प्रत्येक विशेषण काढून टाकतानाची बैठक आठवत होती. ‘सातत्याने’ हा एक शब्द ठेवायचा की नाही यावर आम्ही एक दुपार घालवली आहे.

मग कामगारांची बाजू. मग मालकांची. दोन्ही बाजूंनी, करारांचा अर्थ कसा लावायचा हे सांगणाऱ्या व्हिएन्नाच्या १९६९च्या करारातली ३१ आणि ३२ ही कलमं आपापल्या दिशेने वळवली : शब्दाचा नेहमीचा अर्थ, कराराचा हेतू, सह्या करणाऱ्यांचं नंतरचं वर्तन, आणि गरज पडली तर जन्माच्या वेळची कागदपत्रं. शब्दच नाही तर अर्थ कुठून काढता, असं एक म्हणतो. शब्द नाही कारण गरज नव्हती, असं दुसरा म्हणतो. दुभाषे काचेच्या खोलीतून हाताने खुणावत होते, सावकाश बोला.

दोन्ही बाजू ऐकताना मी टिपणं काढली, आणि दोन्ही बाजूंचे सर्वांत बळकट मुद्दे माझ्या वहीत समोरासमोर, सारख्याच अक्षरात आले. एवढं माझ्या हाती असतं.

संध्याकाळी खिडकीतून चंद्र दिसला तेव्हा लक्षात आलं, आज कोजागिरी. खोलीतल्या किटलीत दूध तापवायची सोय नव्हती. खालच्या खानसाम्याला सांगितलं, त्याने प्रेमाने मोठा मग भरून गरम दूध दिलं. पिशवीत चिमूटभर केशर होतंच. तो मग खिडकीत ठेवला आणि आईला फोन लावला. तिकडे मध्यरात्र व्हायला आली होती, पण कोजागिरीला ती जागी असतेच.

“जेवलीस काय गो?”

“जेवले. आई, आज कोर्ट सुरू झालं. संपाचं.”

थोडा वेळ काहीच ऐकू आलं नाही. मग ती म्हणाली, “आमच्या संपाचा निकाल लागतोय?”

मंगळवार, ७ ऑक्टोबर : हेग

रात्री झोप लागली नाही. आईला मी रात्री काय सांगितलं ते नीट आठवतही नाही. ‘नाही गं, सगळ्या जगाच्या संपाचं आहे,’ असं काहीतरी.

१८ जानेवारी १९८२. मी अकरा वर्षांची होते. डॉ. दत्ता सामंतांच्या हाकेवर मुंबईच्या गिरण्यांतले सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले. पहिले काही दिवस सण असल्यासारखे वाटले, कारण बाबा दिवसा घरी होते. मग भोंगा वाजायचा बंद झाला. आमची झोप, शाळा, पाणी भरणं, सगळं भोंग्यावर चालायचं. त्या शांततेची भीती वाटायची. मार्चमध्ये आईच्या पाटल्या गेल्या. पावसाळ्याच्या तोंडावर बाबा संगमेश्वरला शेती बघायला म्हणून गेले आणि आईने खोलीत खाणावळ सुरू केली. दादाची शाळा सुटली. तो संप अधिकृतपणे कधीच मागे घेतला गेला नाही. आईच्या लेखी म्हणूनच तो अजून चालू आहे आणि निकाल बाकी आहे.

आज एका प्रतिनिधीने मांडलं की संप कसा, कधी, कुणी करायचा हे देशोदेशीचे कायदे ठरवतात आणि तेच योग्य. कायद्याचा विद्यार्थी म्हणून मला या युक्तिवादाचं वजन कळतं. तो मांडत असताना मला मुंबई औद्योगिक संबंध कायदा, १९४६ दिसत होता. एका भागात एका उद्योगासाठी एकच युनियन मान्यताप्राप्त, मालकांशी बोलणी तिनेच करायची. कामगाराने दुसऱ्या नेत्यामागे जायचं ठरवलं तरी कायद्याच्या लेखी त्याच्या वतीने बोलणारं तोंड तेच. तो कायदा रद्द करा, ही त्या संपातली मोठी मागणी होती. पगारवाढ आणि बोनस सगळ्यांच्या लक्षात आहेत, पण बाबा नेहमी म्हणायचे की भांडण आपल्या वतीने बोलायचं कुणी याचं होतं. १९२२ साली या दालनात आलेला प्रश्न आणि माझ्या बापाचा प्रश्न एकच होता, हे मला वकील होऊन दहा वर्षं झाल्यावर उमगलं.

भारताने ८७वा करार अजून मान्य केलेला नाही. आपल्याकडे हाच वाद घटनेच्या अंगाने केव्हाच होऊन गेला. संघटना बांधण्याच्या मूलभूत हक्कात संपाचा हक्क येतो का, असा प्रश्न बँक कर्मचाऱ्यांच्या खटल्यात उभा राहिला आणि १९६१ साली सर्वोच्च न्यायालयाने ‘येत नाही’ असं उत्तर दिलं. त्याआधी १९३८ साली, मुंबई सरकारच्या औद्योगिक कलह विधेयकावर बोलताना बाबासाहेबांनी विधिमंडळात मांडलं होतं की संपाचा हक्क हे स्वातंत्र्याच्या हक्काचंच दुसरं नाव आहे. त्या वर्षी ७ नोव्हेंबरला कामगारांनी त्या विधेयकाविरुद्ध एक दिवसाचा संपही केला. म्हणजे एका देशात, पंचवीस वर्षांच्या आत, दोन थोर कायदेपीठांवरून दोन उत्तरं. म्हणून हेगमध्ये कुणी म्हणालं की ‘उत्तर उघड आहे’ की मला ते पटत नाही, मग ते कुठल्याही बाजूने असो.

जेवणाच्या सुट्टीत फ्रेंच सहकारिणीने विचारलं, तुमच्या भाषेत ‘ग्रेव’ला काय म्हणतात? मी म्हटलं, संप. त्याचा मूळ अर्थ? मी सांगू लागले आणि सांगता सांगता अंगावर काटा आला. गुजरातीत संप म्हणजे आजही एकोपा. जुन्या मराठीत संप करणं म्हणजे एक होणं, संगनमत करणं. इंग्रजी शब्द आघाताचा, फ्रेंच शब्द वाळूवर उभं राहण्याचा. आपला शब्द मात्र एकत्र येण्याचा. संघटना आणि संप या दोन गोष्टींत अंतर आहे का, यावर जगभरचे वकील तीन दिवस बोलताहेत, आणि गिरणगावातल्या अंगठेबहाद्दर बाईच्या तोंडी ते अंतरच नाही. सहकारिणीने हातातला काटा बाजूला ठेवला. “हे रेकॉर्डवर यायला हवं होतं,” म्हणाली. मराठी ही या कराराची अधिकृत भाषा नाही, तेव्हा कायद्याने त्या अर्थाला काही वजन नाही. मी तिला तेच सांगितलं, आणि सांगताना वाईट वाटलं.

बुधवार, ८ ऑक्टोबर : हेग

शेवटचा दिवस. देशांमागून देश उभे राहिले, प्रत्येकाला मोजून दिलेला वेळ. सुनावणी मिटली, न्यायाधीश विचारविनिमयासाठी उठले. आता मत येईपर्यंत कुणी काही बोलायचं नाही. तीन दिवस समोरासमोर बसलेले कामगार आणि मालक संघटनांचे वकील बाहेर पायऱ्यांवर एकमेकांचे कोट सांभाळत फोटो काढत होते. मला ते दृश्य फार आवडलं. भांडण रस्त्यावरून दालनात आणता येतं आणि दालनातून बाहेर पडल्यावर हात मिळवता येतो, यासाठीच तर हा सारा खटाटोप.

संध्याकाळी ट्रामने होब्बेमाप्लाइन भागात गेले. हेगमध्ये सुरिनामी हिंदुस्थानी लोकांची मोठी वस्ती आहे (सुरिनाम ही दक्षिण अमेरिकेतली जुनी डच वसाहत). चौकात गांधीजींचा पुतळा आहे. १९१८ साली अहमदाबादच्या गिरणी कामगारांच्या संपात उपास केलेले गांधीजी. जवळच्या खानावळीत रोटी मागवली : डाळ भरलेली मऊ पोळी, कोंबडीचा रस्सा, बटाटा आणि चवळीच्या लांब शेंगांची भाजी. मालकीणबाईंचे आजोबा करारावर बांधलेले मजूर म्हणून गेले होते. १८७३ साली ‘लल्ला रूख’ जहाज कलकत्त्याहून पहिली खेप घेऊन सुरिनामला पोचलं, तिथून पुढे चाळीसेक वर्षं जहाजं जातच राहिली. त्या करारावर अंगठा असे, आणि काम करायला नकार दिला तर शिक्षा असे, तुरुंगाची. संप तर सोडाच, एकट्याने ‘नाही’ म्हणणंही गुन्हा.

बाईंनी मला त्यांच्या हिंदुस्थानी बोलीत विचारलं, इथे कशाला आलात? मी जमेल तशा हिंदीत सांगितलं. त्यांनी नीट ऐकून घेतलं आणि पानात अजून एक रोटी वाढली. “हमरे आजा के तो पूछल भी ना गइल,” म्हणाल्या. आमच्या आज्याला तर कुणी विचारलंसुद्धा नाही.

गुरुवार, ९ ऑक्टोबर : परतीचा प्रवास

रॉटरडॅम, अँटवर्प, ब्रसेल्स. सपाट ओली शेतं, पवनचक्क्या, मधूनच बगळे. नोव्हेंबरच्या नियामक मंडळासाठी टिपण लिहायला घेतलं. सुनावणी झाली, अमुक तारखांना झाली, मत यथावकाश येईल. चार परिच्छेद, त्यातला एकही माझ्या घराविषयी नाही, आणि तसंच असायला हवं. नोकरीच्या पहिल्या दिवशी घेतलेल्या शपथेत मी म्हटलं होतं की कुठल्याही सरकारचा किंवा संघटनेबाहेरच्या कुणाचाही हुकूम मानणार नाही. आईचा आणि बाबांचाही त्यात समावेश होतो, हे तेव्हा कळलं नव्हतं. माझं स्वतःचं मत आहे. ते मी लिहिणार नाही, उद्या निवृत्त झाल्यावरही बहुधा नाही. माझ्या हातून गेलेला गठ्ठा दोन्ही बाजूंनी उघडून पाहिला आणि कुणी त्यावर बोट ठेवलं नाही, यातच मी बाबांचं काहीतरी फेडलं असं मला वाटतं. त्यांच्या साच्यावरच्या कापडात तुटका धागा कधी निघाला नव्हता, असं त्यांचे सोबती सांगायचे.

पॅरिसनंतर आईचा फोन आला. परवाची गोष्ट तिच्या डोक्यात होती.

“ते कोर्ट काय म्हणालं मग?”

“अजून काही नाही. लिहून देतील. महिने जातील.”

“जाऊ देत. आम्ही त्रेचाळीस वर्षं थांबलो.” मग पलीकडे भांड्याचा आवाज, कुकरची शिट्टी. “त्यांनी लिहिलंन की मला मराठीत वाचून दाखव. सगळं. तू मधलं गाळतेस.”

मी म्हटलं, गाळणार नाही. गाडी बोगद्यात शिरली आणि फोन तुटला.